‘जीव थाऱ्यावर आला’ आणि ‘शांती लाभली’ : एकच का?

नदीकाठ (दारव्हा)
आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वार्षिक अंकासाठी बायकांच्या साक्षी, म्हणजे देवाचे आलेले अनुभव, उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. एका बाईंनी सांगितलं ते असं : “बोंडअळीनं कपाशी खाल्ली. सोसायटीचं कर्ज तसंच. धनी बोलेनासे झाले. म्या देवाले म्हनलं, आता माह्या हातात काही नाही, तूच पाह्य. तवा कुठं माहा जीव थाऱ्यावर आला.” संपादकांनी शेवटचं वाक्य बदलून लिहिलं, “तेव्हा मला प्रभूची अलौकिक शांती लाभली.” बाईंना वाचून दाखवलं. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं, “हे कोनं सांगतलं?” म्हटलं, तुम्हीच. “म्या नाही, बाप्पा.” संपादक म्हणतात शांती हा शास्त्रातला (बायबलातला) शब्द, थारा बोलीतला. दोन्हीचा अर्थ एकच धरायचा का?

खडूफळा (अकोला)
मी संपादकांच्या बाजूचा. आमच्याकडे ‘थाऱ्यावर’ हा शब्द रागातच निघतो. “डोस्कं थाऱ्यावर हाये का तुयं?” साक्षीत तो छापला तर बाई आधी भ्रमिष्ट होत्या असं वाटेल. शिवाय छापील भाषेची काही इभ्रत असते की नाही?

पऱ्हाटी
मास्तर, डोकं वेगळं अन् जीव वेगळा. आन ‘शांती’चं म्हणाल तं खेड्यात त्याचा अर्थ विधी. नक्षत्राची शांती, वास्तूची शांती. आमच्या गावात नवे पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) आले होते, पुण्याकडचे. शेजारच्या घरी बाळंतीण होती. हे दारात उभे राहून म्हणाले, “या घरास शांती असो.” म्हातारी आतून कडाडली, “लेकरू मुळावर नाही जलमलं, शांती कायची?” अन् ‘अमके शांत झाले’ म्हटलं की लोक टोपी काढतात ते निराळंच.

ताळेबंद
मुळात जाऊ या. इब्रीमध्ये (हिब्रूत, जुन्या कराराच्या भाषेत) शब्द आहे शालोम. धातू श-ल-म, म्हणजे पुरं होणं, भरून येणं. त्याच धातूचं एक रूप देणं फेडण्यासाठी येतं. अलीशा संदेष्ट्याच्या गोष्टीत विधवेला सांगितलंय, तेल वीक आणि कर्ज फेड. तिथे हेच क्रियापद आहे. म्हणजे शांती याचा अर्थ हिशोब चुकता होणे.

पऱ्हाटी
मंग आमच्या तालुक्यात शांती कोनाकडंच नाही. सातबारा कोरा व्हाची वाट पाहाची काय?

नदीकाठ (दारव्हा)
ताळेबंददादा, धातू एकच असला म्हणून अर्थ तेवढाच उरतो असं नाही. ‘मी आपली शांती तुम्हाला देतो’ हे येशू कधी म्हणाला? योहानाच्या शुभवर्तमानात, १४व्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या रात्री. पुढे अटक, मग क्रूस. कसला हिशोब चुकता झाला होता तेव्हा? प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना (फिलिप्पै गावच्या मंडळीला) ‘चिंता करू नका’ लिहिलं ते बंदिवासातून. म्हणून मला बाईंचंच वाक्य शास्त्राच्या जवळचं वाटतं. कर्ज फिटलं नाही, कपाशी परत आली नाही, धनी अजून बोलत नाहीत. जीव तेवढा जागेवर आला. शिवाय ‘थारा’ म्हणजे आसराही. ‘जिवाला थारा नाही’ असं आपण म्हणतोच की. ‘शांती’त तो आसरा येत नाही.

धुरा
थारा हा ‘स्थिर’वरून आला असणार. माझी आजी तर ‘थिरावला’ अन् ‘थाऱ्याले लागला’ एकाच अर्थानं वापरायची.

खडूफळा (अकोला)
‘असणार’ म्हणजे पुरावा नाही. काहीजण स्थान, स्थल असंही धरतात.

धुरा
धरू द्या. पण शास्त्रात बोली नको म्हणणाऱ्यांनी मार्काच्या शुभवर्तमानाचा ४था अध्याय उघडावा. वादळात येशू समुद्राला काय म्हणतो? “उगा राहा, शांत हो.” हा ‘उगा’ आमच्या घरातला! रडणाऱ्या लेकराला आई म्हणते तोच, उगी उगी. शाळेत असताना मला वाटायचं, समुद्राला ‘विनाकारण राहा’ असं का सांगतात? आणि इतिहास सांगतो. विल्यम कॅरी या मिशनऱ्यानं बंगालमधल्या श्रीरामपूरला १८११ साली मराठी नवा करार छापला, तेव्हा त्याच्या मदतीला वैजनाथ पंडित होते, नागपूरकडचे. आपली बोली शास्त्रात पहिल्यापासून बसलेली आहे.

खडूफळा (अकोला)
त्याच भाषांतराला पश्चिमेकडचे (मुंबई-पुण्याकडचे) लोक नाकं मुरडत होते, तेही सांगा. आणि त्याच ओवीत पुढे ‘अगदी निवांत झाले’ आहे. निवांत म्हणजे निवात, वारा नसलेलं. गीतेत ‘यथा दीपो निवातस्थो’. वारा पडला आणि निवांत झाले! माझ्या मते अंकात ‘मला निवांत वाटलं’ छापा. बोलीही नाही, बोजडही नाही.

पऱ्हाटी
ओवी नाही मास्तर, वचन. ओवी जात्यावर. अन् आमच्याकडं निवांत म्हंजे काम नसलेला माणूस. त्या बाईले निंदाले जा लागते, निवांत कुठली?

ताळेबंद
‘शांत हो’ हा शब्दही मवाळ आहे. ग्रीकमध्ये तिथे फिमोओ हे क्रियापद आलंय, म्हणजे मुसकं बांधणे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मळणीच्या बैलाला मुसकं घालू नको म्हणतात, तिथेही तेच. म्हणजे वादळाच्या तोंडाला मुसकं बांधलं. या हिशोबानं बाईंच्या साक्षीत...

धुरा
हे भारी. आम्ही डवरताना घालतो. बैल तासाच्या बाजूचं रोप ओरपतो, म्हणून दोरीची जाळी तोंडावर. बाबा स्वतः विणायचे, दोन बोटांच्या मापानं गाठ. पण मळताना कोणी घालत नाही.

पऱ्हाटी
आमच्याकडं मळतानाबी घालत. गहू जास्त खाल्ला तं पोट फुगते त्याचं.

धुरा
म्हणजे तुम्ही शास्त्राच्या विरोधात!

नदीकाठ (दारव्हा)
अहो, अंक शुक्रवारी छापायला जातोय. थारा ठेवू का काढू?

पऱ्हाटी
ठेवा. पन धुरा, तुमचं गाव कोनतं? तुरीच्या खळ्यावर मुसकं नाही म्हंता, मंग बैल काय उपाशी उभा राह्यते?