बॉबिन लेस: नमुन्यावर लिनन ६०/२, हातात ६० नंबरचा सुती दोरा. जाळी विरळ का येतेय?

कड_किनार:
मंडळी, सुती रुमालाला लावायला तोर्शों लेसची ३ सेंमी रुंद कड घेतली आहे (तोर्शों म्हणजे बॉबिन लेसचा एक साधा प्रकार: उशीवर नमुन्याचा कागद लावून त्यावर टाचण्या रोवायच्या आणि बॉबिनवरचे दोरे जोडीजोडीने गुंफायचे). १४ जोड्या, म्हणजे २८ बॉबिन. नमुन्यावर 'लिनन ६०/२' लिहिलंय. लिनन मिळालं नाही, म्हणून ६० नंबरचं पांढरं सुती रीळ घेतलं. तरी भरीव टाका (क्रॉस-ट्विस्ट-क्रॉस; क्रॉस म्हणजे शेजारच्या दोन जोड्यांतले मधले दोरे एकमेकांवरून नेणं, ट्विस्ट म्हणजे जोडीतले दोन दोरे एकमेकांवर वळवणं) मच्छरदाणीसारखा दिसतो आणि टाचण्या काढल्या की कडेच्या पंख्याच्या आकाराच्या नक्षीची गोलाई आत ओढली जाते. सरळ कडेच्या दोन टाचण्यांत ४ मिमी अंतर आहे. दोरा कोणता घेऊ? नमुना बदलावा लागेल का? आणि बॉबिनवर दोरा किती भरायचा? काहींवरचा संपतो, काहींवर ढीगभर उरतो.

सूत_मोजणी:
आकडा तोच आहे, माप तेच नाही. सुताचा काउंट म्हणजे १ पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात ते. लिननची लड मात्र ३०० यार्डांची धरतात. त्यामुळे ६०/२ लिनन, म्हणजे दुपदरी, पौंडाला ९,००० यार्ड भरतं आणि ६०/२ सुती दोरा २५,२०० यार्ड. वजनात २.८ पट फरक. जाडीतला फरक त्याच्या वर्गमुळाइतका, साधारण १.७ पट. वर शिवणाच्या रिळावरचा नंबर बऱ्याचदा काउंट नसतोच, तिकीट नंबर असतो, म्हणजे शिवणाच्या दोऱ्याच्या जाडीचा वेगळाच क्रमांक. पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा चमकदार पिळदार सुती दोरा, त्याचे ५, ८, १२ हे आणखी वेगळेच. नंबर चढला की दोरा बारीक होतो, एवढंच या सगळ्यांत सारखं.

म्हणून लेसला वेढे मोजायचे. पट्टीवर किंवा पेन्सिलीवर २ सेंमीची खूण करा आणि दोरा वेढ्याला वेढा लागेल असा गुंडाळा. दाबायचा नाही, वर चढू द्यायचा नाही. मोजून निम्मे करा, म्हणजे सेंमीचे वेढे मिळतील. सुती दोरा मऊ असतो, ओढून गुंडाळला की आकडा फुगतो. तीनदा मोजून मधला आकडा धरा.

तोर्शोंचा ढोबळ नियम असा: सरळ कडेच्या लागोपाठच्या दोन टाचण्यांमधल्या अंतरात १० ते १२ वेढे बसावेत. ४ मिमीत तेवढे, म्हणजे सेंमीला २५ ते ३०. लिनन ६०/२ चे साधारण २८ येतात, म्हणून नमुन्यावर ते लिहिलंय. तुमच्या रिळाचे किती येतात ते सांगा.

कड_किनार:
मोजले. सेंमीला ४४ आले, एकदा ४५.

बारा_नंबरी:
मग जाळी विरळ येणारच, ४ मिमीत जवळजवळ १८ वेढे होतात. हे रीळ वापरायचं तर नमुना ६४ टक्क्यांवर आणावा लागेल आणि कड २ सेंमीच्या आत जाईल. पहिल्या कामाला ते नको, टाचण्या दिसायच्याही बंद होतील.

त्यापेक्षा पर्ल कॉटन १२ घ्या. १० ग्रॅमच्या गोळ्यात सुमारे १२० मीटर असतो. वेढे सेंमीला २१ च्या आसपास. २८ भागिले २१ म्हणजे १.३३, तेव्हा नमुना १३३ टक्क्यांवर न्या (मूळच्या १.३३ पट). कड ४ सेंमी होईल, टाचण्यांतलं अंतर ५.३ मिमी, आणि त्यात ११ वेढे. बरोबर बसतं. पर्ल ८ (सेंमीला १७ च्या आसपास) वापरलात तर १६५ टक्के आणि ५ सेंमीची कड. ती टेबलक्लॉथला शोभेल, रुमालाला ओझं होईल.

झेरॉक्सला देण्याआधी नमुन्याशेजारी १० सेंमीची रेघ काढा आणि प्रतीवर ती १३.३ भरते का बघा. सगळी यंत्रं अचूक मोठं करत नाहीत. झेरॉक्सची शाई पांढऱ्या दोऱ्याला लागते आणि नंतर निघत नाही. कागदावर वह्यांना घालतात ते पारदर्शक चिकट कव्हर लावा, खाली जाड पुठ्ठा घ्या आणि सगळी भोकं आधीच सुईने टोचून ठेवा.

पॉलिस्टरचं रीळ स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका. ते बुळबुळीत असतं, बॉबिनच्या मानेवरचा फास सरकतो, आणि ताणलेला दोरा टाचणी निघाली की परत आखडतो. भरतकामाच्या सहापदरी लडीतला एकेक पदर चालतो, पण लड ८ मीटरची, जोड लावून वैताग येतो.

लेसप्रेमी_०७:
लिननऐवजी आंध्रातल्या नरसापूरच्या लेसवाल्यांचा दोरा मागवता येईल का?

बारा_नंबरी:
ती लेस क्रोशाची, एका सुईवरची. बॉबिनशी संबंध नाही. त्यांचा सुती दोरा इथे चालेल, पण वेढे मोजूनच. आपल्याकडच्या शेजारात बॉबिनची परंपरा पाहायची तर श्रीलंकेत गॉल-वेलिगामा भागात. तिथे तिला 'बीरलु' म्हणतात, पोर्तुगीज 'बिल्रु'वरून, म्हणजे बॉबिनच.

उशी_टाचणी:
पंखे आत ओढले जाण्याला दोरा अर्धाच जबाबदार आहे. पंख्यात एक फिरती जोडी असते, मागावरच्या बाण्यासारखी. बाकीच्या ताण्यासारख्या उभ्या. फिरती जोडी टाचणीला वळली की बहुतेक जण तीच ओढतात, आणि कड आत येते. उलट करा: फिरती जोडी टाचणीशी हलकी ताठ धरा आणि उभ्या जोड्या एकेक करून खाली ओढा. वळताना फिरत्या जोडीला एक ट्विस्ट द्या, नाहीतर टाचणीच्या जागी मोठं भोक राहतं. गोलाईच्या टाचण्या किंचित बाहेर झुकवून रोवा आणि शेवटच्या ८-१० सेंमीतल्या अजिबात काढू नका.

टाचणी डुगडुगत असेल तर उशीत दोष आहे. हलका थर्माकोल दोन-तीन कामांत चाळणी होतो. लाकडाचा कोरडा भुसा लाकडी ठोकळ्याने ठोकून ठोकून भरा, अंगठा दाबला तर रुतता कामा नये. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, साध्या लोखंडी टाचण्यांचा गंज एका रात्रीत लेसवर उतरतो. पितळी किंवा स्टेनलेस घ्या.

आता दोरा किती. समजा भरीव पट्टी २ सेंमी रुंद आहे आणि दोन्ही कडांना ४ मिमीवर टाचण्या. फिरती जोडी दर २ मिमीला एकदा आडवी जाते. १० सेंमी लेसला ५० फेऱ्या, प्रत्येकी २ सेंमी, म्हणजे १०० सेंमी: लेसच्या दहापट. उभ्या जोडीला सव्वापट पुरतो. जाळीतून तिरक्या जाणाऱ्या जोड्यांना दीड ते दोनपट धरा. सगळ्यांवर सारखा भरलात तर तुमचं झालं तेच होणार. पंख्याच्या फिरत्या जोडीला भरपूर भरा. तरी संपत आलाच तर गाठ नको: नवा दोरा जुन्याला लगटून भरीव भागात २ सेंमी दोन्ही एकत्र विणा, मग जुना कापा.

कड_किनार:
एक राहिलं. विणताना दोऱ्याचे पदर सुटे पडून तुटतात.

सूत_मोजणी:
दोरा उभा धरून पिळाच्या तिरक्या रेघा बघा. इंग्रजी 'झेड'च्या मधल्या रेघेसारख्या असतील तर 'झेड' पीळ, 'एस'सारख्या असतील तर 'एस'. शिवणाचा दोरा बहुधा 'झेड' असतो, कारण शिलाई मशिनमध्ये 'एस' उलगडतो. पर्ल 'एस' असतो. बॉबिन हाताखाली सतत एकाच बाजूला लोळली की एक पीळ घट्ट होतो, दुसरा सुटतो. पुढच्या वेळी बॉबिन उलट दिशेने भरा आणि फासही उलटा घ्या. पदर सुटलेल्या बॉबिनला विणणं थांबवून लोंबकळू द्या, ती कुठल्या बाजूला फिरते ते दिसेल. बॉबिन आणि काम यांच्यात १०-१२ सेंमीपेक्षा जास्त दोरा सोडू नका.

आणि पर्ल आणल्यावर २८ बॉबिन लगेच भरू नका. सहा जोड्यांची ५ सेंमी पट्टी करा, निम्मी भरीव, निम्मी जाळी. भरीव भाग पुठ्ठ्यासारखा कडक आला तर नमुना १४० टक्के करा, आरपार दिसला तर १२५.