मदत हवी आहे: सव्वादोन वर्षांची लेक दात घासू देत नाही, आता माझ्या हातालाच घाबरते

नमस्कार. माझी मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. गेला दीड महिना रोज रात्री आमच्याकडे दात घासण्यावरून रडारड चालू आहे. पण परवा जे झालं, त्यानंतर इथे विचारल्याशिवाय राहवेना. तिचं नाक पुसायला मी रुमाल घेऊन हात पुढे केला, तर तिने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं आणि भिंतीकडे सरकली. ब्रश जवळपासही नव्हता. नुसता माझा हात होता.

पहिला दात सातव्या महिन्यात आला. तेव्हा ओल्या मऊ कापडाने पुसायचो. वर्षाची झाल्यावर छोटा ब्रश आणला, तोही तिला आवडायचा, चावत बसायची. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत काहीच तक्रार नव्हती. मग अचानक 'नको' सुरू झालं. आधी मान फिरवायची, मग ओठ घट्ट मिटायला लागली, आता ब्रश दिसला की पलंगाखाली. गाणी म्हणून झाली, बाहुलीचे दात घासून झाले, तिच्यासमोर बसून मी माझे घासले. मोबाइलही दिला. तो चार दिवस चालला. नंतर मोबाइल दिसला तरी तोंड मिटायची, कारण त्याच्यामागून ब्रश येतो हे तिला कळलं होतं.

शेवटी धरून घासायला लागलो. बायको तिला मांडीवर आडवं घेऊन हात धरते आणि मी घासतो. मिनिटभरात उरकतो, पण नंतर झोप लागेपर्यंत तिचे हुंदके थांबत नाहीत. आम्ही दोघंही गप्प पडून असतो.

मग सोडून का देत नाही, असं कोणी विचारेल. कारण मागच्या महिन्यात डेंटिस्टनी तिचा वरचा ओठ उचलून आम्हाला दाखवलं. पुढच्या दोन दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा आहेत. ही किडीची सुरुवात. अजून खड्डा पडलेला नाही. दात नीट घासले गेले आणि पेस्टमधलं फ्लोराइड तिथपर्यंत पोचलं तर दात इथून सावरू शकतो, नाहीतर त्याच जागा तपकिरी होऊन पोखरायला लागतात. ती रात्री बाटलीने दूध पीत झोपायची. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दूध वरच्या दातांपाशी साचून राहतं. खालच्या दातांना जीभ आणि लाळ बऱ्यापैकी सांभाळून घेतात, म्हणून ते स्वच्छ आहेत. बाटली आम्ही बंद केली. दूध आता झोपायच्या आधी कपाने देतो आणि मग दात. म्हणजे घासायचा प्रयत्न तरी करतो.

आई म्हणते, दुधाचे दात पडणारच आहेत, कशाला पोरीला रडवता. तिचा जीव तुटतो, हे मला समजतं. पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. शिवाय किडलेला दात दुखतो, तो दुधाचा असला तरी.

धरून घासणं चालू ठेवावं का? थांबवलं तर त्या रेघांचं काय? आणि तिचा माझ्यावरचा विश्वास परत कसा मिळवू? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

आधी तिचं काही दुखतंय का ते बघा. दोन वर्षांच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढा यायला लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात पुरे होतात. त्या काळात मागची हिरडी सुजते. ब्रश लागला की कळ येते, पण मुलांना सांगता येत नाही. माझ्या मुलाचं नेमकं हेच होतं आणि मी तीन आठवडे त्याला हट्टी म्हणत होते.

दुसरं म्हणजे, वरचा ओठ उचलला की आतून मधोमध हिरडीकडे जाणारी एक पातळ पट्टी दिसते. घाईत ब्रशचं डोकं तिच्यावर आपटलं तर फार लागतं. आपलं बोट त्या पट्टीवर आडवं धरा आणि बोटाच्या खालून घासा.

प्रतिसाद

पेस्ट कोणती आहे? पुदिन्याची असेल तर मोठ्यांना गार वाटते, पण मुलांच्या जिभेला झोंबते. सौम्य चवीची घ्या. मात्र फ्लोराइड नसलेली घेऊ नका, तुमच्या केसमध्ये तर नाहीच. साधारण १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची चालते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच, ब्रशला चोपडल्यासारखी लावायची. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. थुंकता येत नाही म्हणून अनेकजण पेस्टच लावत नाहीत, पण दाण्याएवढी गिळली गेली तरी काळजीचं कारण नाही. घासून झाल्यावर चूळ भरायला लावू नका, फ्लोराइड दातावर राहू दे.

प्रतिसाद

मी लहान मुलांच्या दातांचीच डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलीला धरण्यात चूक नाही. चुकतंय ते हे, की तिला शेवट कधी होणार ते माहीत नसतं. मोठ्या माणसालासुद्धा तोंड उघडून 'बघू किती वेळ लागतो' असं म्हटलेलं आवडत नाही.

आम्ही तपासताना एक पद्धत वापरतो, ती घरी करता येते. तुम्ही दोघं गुडघ्याला गुडघे टेकवून समोरासमोर बसा. मुलगी आईच्या मांडीवर, आईकडे तोंड करून, पाय आईच्या कमरेभोवती. मग तिला हळूच मागे झुकवा, म्हणजे डोकं तुमच्या मांडीवर येईल. तिला वर आईचा चेहरा दिसत राहतो, हात आईच्या हातात असतात आणि तुम्हाला वरचे दात नीट दिसतात. पहिले दोन-तीन दिवस ब्रश आणूच नका. झुकवा, पोटाला गुदगुल्या करा, उठवा.

मग मोजून घासा. सुरुवातीला फक्त पाच. मोठ्याने एक ते पाच म्हणा आणि पाच झाल्यावर थांबा. दातावर काही दिसत असलं तरी थांबा. 'अजून एकदाच' हे शब्द तोंडातून येता कामा नयेत. पाचाला थांबता हे तिला पटलं की दहापर्यंत जाता येतं.

त्या रेघांसाठी तोपर्यंत रात्र चुकवू नका. बोटाला स्वच्छ ओलं कापड गुंडाळून त्यावर दाण्याएवढी पेस्ट घ्या आणि वरच्या पुढच्या दातांवर हिरडीच्या कडेने फिरवा. काही दिवस एवढंच झालं तरी चालेल. रात्रीचं घासणं सर्वांत महत्त्वाचं.

एक दुसरा ब्रश तिच्या हातात द्या. तिचं ती करू दे, पण ते खरं घासणं समजू नका. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना एकट्याने नीट जमत नाही. आणि ब्रश तोंडात घालून पळू देऊ नका, पडली तर घशाला इजा होते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच बॅटरी घेऊन बघितलं. वर डावीकडे अगदी मागे हिरडी फुगलेली आहे आणि एक पांढरं टोक वर आलंय. आणि ती पट्टी… मला ती आहे हेच माहीत नव्हतं. मी दीड महिना नेमका तिथूनच आडवा ब्रश ओढत होतो. तिला लागत होतं आणि मी तिचे हात धरायला सांगत होतो. हे लिहितानाही घशात दाटून येतंय.

धागाकर्ता (अठरा दिवसांनंतर)

काय झालं ते कळवतो, कोणाला उपयोग होईल.

पहिले चार दिवस ब्रश कपाटात ठेवला. रात्री फक्त कापड, फक्त वरचे पुढचे दात, पट्टीवर बोट ठेवून. पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी पाच म्हटल्याबरोबर मी बोट काढलं, तेव्हा रडणं मध्येच थांबवून माझ्याकडे बघत राहिली. पाचव्या दिवशी नवा ब्रश आणि सौम्य पेस्ट. आधी ती माझे दात घासते. तेव्हा मोजायचं कामही तिचंच, आणि तिचं मोजणं 'एक, दोन, पाच' असं आहे, त्यामुळे माझे दात लवकर होतात. मग आई मागे झुकवते आणि मी मोजतो.

आता दहापर्यंत पोचलो आहोत, असे तीन वेळा, मध्ये उठून बसायचं. दोन मिनिटं अजून होत नाहीत. आठवड्यातून एखादी रात्र रडण्यात जाते, त्या दिवशी कापडावर भागवतो. पांढऱ्या रेघा आहेत तशाच आहेत, वाढलेल्या नाहीत. डेंटिस्टनी दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

नाक पुसताना अजून मान फिरवते, पण तोंड झाकत नाही.

दोन गोष्टी अडल्या आहेत. डाव्या बाजूची ती येणारी दाढ ती अजिबात शिवू देत नाही. ती पूर्ण वर येईपर्यंत तिथे कापडच फिरवू का? आणि सकाळी उठल्या उठल्या ती चिडचिडी असते, मांडीवर झुकायला तयार नसते. सकाळचं तुम्ही लोक नेमकं कधी करता?