सागरी पोलिसांच्या कमरेला कुठलं पिस्तूल हवं?

मिऱ्याबंदर (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो. उद्या कोकणातल्या सागरी पोलीस ठाण्यांना नवं पिस्तूल द्यायचं झालं, तर ते ग्लॉक 17 असावं, अंगठ्याची सेफ्टी (चाप अडवणारा बाहेरचा खटका) नसलेलं, आणि पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळीकडे तेच एक.

विषय हवेतला नाही. 1993 च्या स्फोटांचं आरडीएक्स श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरलं. 2008 ला दहा जण समुद्रातून मुंबईत शिरले. 18 ऑगस्ट 2022 ला हरिहरेश्वरला लागलेल्या बोटीत तीन एके-47 सापडल्या. ती बोट भरकटलेली निघाली, पण तेवढं कळेपर्यंत किनाऱ्यावर उभं कुणाला राहावं लागलं ते आपण पाहिलं.

पोलिसांत वर्षानुवर्षं चालत आलेलं पिस्तूल म्हणजे ईशापूरचं 9 मिमी 1ए. ब्राउनिंग हाय-पॉवर या जुन्या पिस्तुलाची आवृत्ती, 13 राऊंड, मागे घोडा (चाप ओढल्यावर आपटणारी हातोडी), अंगठ्याला सेफ्टी. हत्यार मजबूत आहे. पण बहुतेक जण ते चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळीची जागा, रिकामं ठेवून बाळगतात, म्हणजे वेळ आली की आधी स्लाईड (वरचा सरकता भाग) ओढा. बोटीवर एक हात कठड्याला असतो. स्लाईड ओढायला दुसरा हात आणायचा कुठून?

ग्लॉक हे स्ट्रायकरचं पिस्तूल, आणि स्ट्रायकरच्या पिस्तुलात बाहेर घोडा नसतो. स्लाईडच्या आत स्प्रिंगवर बसलेला स्ट्रायकर पुढे जाऊन काडतुसाच्या टोपीवर (बुडाच्या पेट घेणाऱ्या भागावर) आदळतो. ही युक्ती जुनीच, 1908 च्या जर्मन लुगरमध्येही होती. ग्लॉकने 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याला जे दिलं त्यातली खुबी वेगळी होती: स्ट्रायकर अर्धवट ताणलेला राहतो, उरलेला ताण बोटाने चाप ओढला तरच पुरा होतो. शिवाय चापावरची पट्टी, स्ट्रायकरचा अडसर आणि पडल्यावर धरणारा खटका, अशा तीन सेफ्ट्या आतच. पोलिसाला एकच गोष्ट शिकवायची, बोट चापाबाहेर ठेव. फ्रेम प्लास्टिकची असल्यामुळे खाऱ्या हवेत निम्मी काळजी तिथेच मिटली. एनएसजी, म्हणजे आपलं दहशतवादविरोधी कमांडो दलसुद्धा ग्लॉक वापरतं.

अष्टागर

मिऱ्याकाका, तुमचा कठड्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

चेंबर भरलेलं ठेवायचं म्हणता, तर मग अंगठ्याची सेफ्टी हवीच. मी जुलैतल्या गस्तीचं बोलतो. अंगावर रेनकोट, त्याच्या कमरेला घट्ट करायची दोरी, दोरीच्या टोकाला प्लास्टिकची गाठ. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये घालताना ती गाठ चापाच्या कड्यात शिरली आणि वरून दाब आला, की तुमच्या तीनही सेफ्ट्या एकदम सुटतात, कारण त्या तिन्ही चापानेच सुटायच्या आहेत. चापाला कळत नाही की दाबणारं बोट आहे का दोरी. चामड्याचं होल्स्टर असेल तर आणखी वाईट. पावसाने नरम पडून त्याचा काठ आत वळतो आणि तोच चाप दाबतो. असे अपघात परदेशातल्या पोलिसांत झालेले आहेत.

अमेरिकी सैन्याने जानेवारी 2017 मध्ये नवं पिस्तूल निवडलं, तेव्हा सेफ्टी मागूनच घेतली. निवड झाली सिग पी320 ची, म्हणजे आजची एम17 आणि एम18. त्या स्पर्धेत ग्लॉकनेही सेफ्टी लावलेलंच मॉडेल दिलं होतं. म्हणजे ग्लॉकला सेफ्टी लावता येत नाही असं नाही. तुम्हाला ती नको आहे.

माझी पसंती सेफ्टीवालं पी320. स्लाईड स्टेनलेस स्टीलची, ग्रिपचा साचा हाताप्रमाणे बदलता येतो, साफ करायला उघडताना चाप दाबावा लागत नाही.

मिऱ्याबंदर

पी320 चं नाव काढलंत ते बरं झालं, कारण त्याच पिस्तुलाची मला धास्ती वाटते.

2017 मध्येच लक्षात आलं की ते ठरावीक कोनात जमिनीवर आपटलं तर बार उडू शकतो. ऑगस्टमध्ये कंपनीने सुधारणा जाहीर केली, चाप हलका केला, आतले भाग बदलले. त्यानंतरही चाप न दाबता गोळी सुटली म्हणून अमेरिकेत कितीतरी खटले झाले. 2024 मध्ये जॉर्जियात आणि फिलाडेल्फियात ज्यूरींनी फिर्यादींच्या बाजूने भरपाई दिली. कंपनी दोष नाकारते, हेही सांगायला हवं. पण पी320 चा स्ट्रायकर जवळजवळ पुरा ताणलेला असतो. सगळी भिस्त त्याला धरून ठेवणाऱ्या आतल्या अडकणीवर. ग्लॉकमध्ये अडकण सुटलीच तरी स्ट्रायकरकडे तेवढा जोर नसतो. यांत्रिक फरक आहे हा, आवडीनिवडीचा नाही.

रेनकोटच्या दोरीला उत्तर होल्स्टर. कडक प्लास्टिकचं, चाप पूर्ण झाकणारं, पिस्तूल सुटू नये म्हणून खटका असलेलं. चामडं बंद. आणि रेनकोटच्या दोऱ्या कापून टाका, त्याला सरकारी मंजुरी लागत नाही.

अष्टागर

अर्धी बाजू सांगितलीत. जुलै 2025 मध्ये अमेरिकेत हवाई दलाच्या तळावर एक जवान गेला, तेव्हा तिथल्या एका कमांडने एम18 बाजूला ठेवली, तपासणी केली आणि ऑगस्टमध्ये परत वापरात आणली. त्या मृत्यूच्या प्रकरणात दुसऱ्या एका जवानाला अटक झाली. प्रत्येक गोळी पिस्तुलाने स्वतःहून झाडली असं धरून चालता येत नाही.

बरं, पी320 नको तर नको. सेफ्टीवालं दुसरं काही घ्या. मुद्दा सेफ्टीचा आहे. वर्षातून एकदा बटावर (गोळीबाराच्या सरावाच्या जागी) जाऊन मोजके राऊंड झाडणाऱ्या माणसाच्या कमरेला सुमारे अडीच किलोच्या ओढीवर सुटणारं भरलेलं हत्यार तुम्ही देताय. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ग्लॉक घेतलं तेव्हा चाप मुद्दाम पाच किलोच्या वर जड करून घेतला. त्यांनाही हीच भीती होती.

मिऱ्याबंदर

आणि जड चापाने नेम बिघडतो, ही तक्रारही तिथलीच. सराव कमी म्हणून चाप जड, चाप जड म्हणून नेम चुकतो. सेफ्टीचंही तसंच. जो वर्षातून एकदा पिस्तूल धरतो, तो घाबरल्यावर अंगठा खाली करायचाच विसरणार.

सड्यावरून

मी कणकवलीकडचो. माका पिस्तुलातला काय कळत नाय, माझी ठासणीची बंदूक असा, शेतीरक्षणाच्या परवान्याची, डुकरांका आणि वांदरांका भिवडावूक. इलेक्शन इला काय ती जमा करुची लागता. परत हातात येता तेव्हा नळी गंजान लाल. सरकारी कपाटात साधी नळी टिकत नाय, थय तुमचा ग्लॉक काय टिकतला? पुसणारो माणूस खय असा ता आधी सांगा.

आणि एक इचारुचा होता, आमच्यासारख्याक ह्यातला कायतरी परवान्यार गावता काय?

मिऱ्याबंदर

दादा, नाही. 9 मिमी पॅराबेलम, म्हणजे या पिस्तुलांचं काडतूस, आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापानुसार मनाई असलेल्या वर्गात) येतं, सामान्य परवान्यावर मिळत नाही. हातातलं हत्यार हवं तर .32 चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, हेही लक्षात असू द्या. आणि डुकरासाठी पिस्तूल म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ, तुमची ठासणीचीच बरी.

गंजाबद्दल तुम्ही बोललात ते या धाग्यावरचं सगळ्यात कामाचं. प्लास्टिकची फ्रेम गंजत नाही, पण पिना, स्प्रिंगा, मॅगझिनची स्प्रिंग आणि साईट गंजतात. स्लाईडवर कठीण थर दिलेला असतो म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि आतली पिन तांबूस होऊन बसते. यावर उपाय म्हणून आपल्याकडे काय करतात? तेल ओततात. स्ट्रायकरच्या पिस्तुलाला तेच मारतं. मागच्या बाजूने तेल स्ट्रायकरच्या नळीत उतरतं, त्यात पुळणीतली बारीक वाळू बसते, काळा चिकट थर तयार होतो. मग स्ट्रायकर जोराने पुढे जात नाही, टोपीवर नुसता ओरखडा उठतो आणि गोळी सुटत नाही. ती नळी कोरडीच ठेवायची असते. कापूस गुंडाळलेली काडी घालून पुसायची, कापूस स्वच्छ बाहेर आला की झालं. पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंधी बांधून गोळीची नळी चकचकीत करायची सवय सगळ्यांना असते, ही दुसरी नळी मात्र कुणी उघडून बघत नाही.

पाणी शिरलं तरी तोच प्रकार. म्हणून ग्लॉकला पाण्यात काम करणाऱ्या दलांसाठी वेगळ्या स्प्रिंगवाट्या मिळतात, त्यांच्या खाचांतून पाणी बाजूने निघून जातं आणि स्ट्रायकर अडत नाही. बोटीवरच्या पथकांना त्या द्याव्यात.

खाडीपलीकडे

दाभोळहून लिहितोय. सगळे ऑस्ट्रिया-अमेरिका करताय, ग्वाल्हेरकडे कुणी बघत नाही. इस्रायली मसादा पिस्तूल आपल्याकडे मालनपूरला पीएलआर या कंपनीच्या कारखान्यात होतं. 9 मिमी, स्ट्रायकरचंच, 17 राऊंड, डावखुऱ्यालाही चालतं. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, त्यामुळे पहिला प्रश्न माझ्या डोक्यात येतो तो सुट्या भागांचा. स्प्रिंग आठ दिवसांत मिळाली तर यंत्र चालतं. आयातीची फाईल फिरत बसली तर सगळ्यात उत्तम यंत्रही कपाटात जातं. खारं पाणी लागलेल्या हत्याराच्या स्प्रिंगा मैदानातल्या ठाण्यापेक्षा लवकर बदलाव्या लागणार, हे तर तुम्हीच वर लिहिलंत.

मिऱ्याबंदर

सुट्या भागांचा मुद्दा वजनदार आहे. पण ग्लॉक जगभरच्या पोलिसांत चार दशकं घासून निघालंय, मसादा 2017 चं. किनाऱ्यावरचा माणूस कुणाच्या प्रयोगाला का लावायचा?

खाडीपलीकडे

काका, 1982 साली ग्लॉकही नवंच होतं. ते बनवणाऱ्याने त्याआधी पिस्तूल केलेलं नव्हतं. ऑस्ट्रियाने चाचण्या घेतल्या आणि घेतलं. तशाच इथे घ्या.

वेंगुर्लेकरीण

मी खात्यात आहे, कुठे ते विचारू नका. वरची सगळी चर्चा पुरुषांच्या हाताच्या मापाने चाललीय.

माझी बोटं आखूड. जाड पकडीचं पिस्तूल मी नीट धरलं तर चापावर बोटाचं टोकच पोचतं, आणि बोट पोचवायला गेले तर पकड तिरकी होते. मग गोळी डावीकडे जाते आणि बटावर ऐकावं लागतं की बायकांना जमत नाही. 2010 नंतरच्या ग्लॉकला मागची पट्टी बदलता येते हे खरं, पण ती पट्टी ठाण्यात प्रत्येकीला बसवून कोण देणार आहे? हत्यार तर पाळीपाळीने एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं. त्यामुळे मुळातच बारीक पकड हवी. मला स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी बरं वाटलं. स्लाईड स्टेनलेसची, अंगठ्याची सेफ्टी हवी तर मिळते, नको तर नाही.

दुसरं, साफसफाई. काका, ग्लॉक उघडायला चाप दाबावा लागतो, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. रात्रपाळी संपते, डोळे मिटायला आलेले, हत्यार पुसून जमा करायचं. मॅगझिन काढायच्या आधी कुणी स्लाईड ओढली तर चेंबरमधला राऊंड बाहेर उडतो, तो बघून त्याला वाटतं झालं रिकामं. पण स्लाईड पुढे येताना मॅगझिनमधला दुसरा राऊंड घेऊनच येते. मग उघडायला म्हणून चाप दाबला की बार, आणि समोरच्या बाकावर दुसरा कुणीतरी बूट काढत बसलेला असतो. एम अँड पीमध्ये आतली एक बारीक पट्टी खाली केली की चाप न दाबता स्लाईड निघते. पी320 लाही चाप दाबावा लागत नाही, ते अष्टागर दादांनी वर लिहिलंय.

मिऱ्याबंदर

ताई, रिकामं करायचा क्रम चुकला तर कुठलंच पिस्तूल वाचवत नाही. प्रत्येक ठाण्यात वाळूने भरलेला ड्रम हवा, नळी त्यात धरूनच हत्यार रिकामं करायचं, आणि दुसऱ्याने चेंबरमध्ये बोट घालून बघायचं. हे केलं तर चाप दाबून उघडण्यात धोका उरत नाही.

वेंगुर्लेकरीण

आमच्याकडे ड्रम आहे. त्यात सध्या छत्र्या उभ्या आहेत. म्हणूनच म्हणते, माणूस दमला असतानाही अंगावर येणार नाही असं हत्यार द्या. नियम भिंतीवर लावलेलेच असतात.

अष्टागर

ताईंना पूर्ण पाठिंबा. काका, तुमची प्रत्येक अट बघा: होल्स्टर बदला, दोऱ्या कापा, ड्रम ठेवा, दुसरा माणूस उभा करा, नळी कोरडी ठेवा. एवढं सगळं झालं तर ग्लॉक सुरक्षित. यातलं निम्मं होणार नाही हे धरून निवड करायला हवी.

मिऱ्याबंदर

आणि मी म्हणतो, यातलं निम्मं होणार नसेल तर सेफ्टीवालंही देऊ नका, तेही धोक्याचंच. ग्लॉकवर मी ठाम आहे. उघडण्याच्या बाबतीत एम अँड पी सरस आहे, ताई, ते लिहून ठेवतो. पण अर्धवट ताणलेल्या स्ट्रायकरचा फायदा मला त्याहून मोठा वाटतो.

वाद मिटवायचा तर खाडीपलीकडे म्हणतात तशी चाचणी घ्या. ग्लॉक, एम अँड पी, मसादा आणि सेफ्टीवालं पी320, चारही जूनपासून सप्टेंबरपर्यंत जयगडच्या गस्ती बोटीवर ठेवा. रोज भिजू देत, ठाण्यात पुसतात तशीच पुसू देत, आणि दर पंधरवड्याला न उघडता झाडून बघा. टोपीवर ओरखडा उठून न सुटलेले राऊंड मोजा. कंपनीची माणसं आसपास नकोत.

अष्टागर

मान्य. त्यात जेटीच्या काँक्रीटवर आपटायची चाचणी घाला, चेंबरमध्ये नुसती टोपी असलेलं काडतूस ठेवून, सगळ्या कोनांतून. तुमच्या ग्लॉकलाही सूट नाही.

वेंगुर्लेकरीण

आणि झाडायला कमांडो आणू नका. ठाण्यातलेच घ्या, निम्म्या बायका, रात्रपाळी उतरल्यावर, अंगात रेनकोट असताना. दोरी न कापता.

खाडीपलीकडे

आणि प्रत्येक पिस्तुलाची एक स्प्रिंग मुद्दाम मागवून बघा. किती दिवसांत येते ते त्याच तक्त्यात लिहा.