दफनभूमीतील तारे आणि ‘पोस्ट’ म्हणजे काय?

कोथरूडकर_आजोबा: मुलीकडे ओहायोत चार महिने राहून नुकताच पुण्यास परतलो. तेथे रोज सकाळी जवळच्या दफनभूमीतून फेरफटका होई. अनेक जुन्या थडग्यांपाशी दांडीवर बसवलेला, हिरवट पडलेला पाच टोकांचा तारा रोवलेला असे, त्यावर ‘जी. ए. आर.’ ही अक्षरे आणि मागे छोटा झेंडा खोचण्यासाठी नळी. काहींवर ‘पोस्ट’ आणि क्रमांक होता. पहिले काही दिवस मी या सर्वांना टपाल खात्यातील माणसे समजत होतो, हे कबूल करतो. जावई म्हणाले, यादवी युद्धातील सैनिकांची संघटना. ती गावपातळीवर नेमके काय करीत असे, आणि आज का उरली नाही?

बखरवाचक: पूर्ण नाव ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’. युद्धात सर्जन असलेल्या डॉ. बेंजामिन स्टीफन्सन यांनी ६ एप्रिल १८६६ रोजी इलिनॉयमधील डिकेटर येथे पहिली पोस्ट, म्हणजे शाखा, काढली. उत्तरेच्या, म्हणजे संघराज्य सरकारच्या बाजूने लढून सन्मानाने सेवामुक्त झालेल्यांनाच तीत प्रवेश असे, आणि तोही सहजासहजी नव्हे: अर्जदाराचे नाव वाचले की सभासद पेटीत पांढरी (होकाराची) किंवा काळी (नकाराची) गोटी टाकत. ब्रीद बंधुभाव, परोपकार आणि निष्ठा असे होते. आजारी सोबत्याला मदत, विधवा व अनाथांची सोय आणि सभासदाची अंत्ययात्रा ही शाखेची खरी कामे. १८६८ मध्ये संघटनेचे प्रमुख जॉन लोगन यांनी ३० मे रोजी सैनिकांची थडगी फुलांनी सजवण्याचा आदेश काढला. आजचा ‘मेमोरियल डे’ त्यातूनच रूढ झाला. तुम्ही पाहिलेली नळी अशाच झेंड्यासाठी.

वानवडीचा_सुभेदार: एक गंमत सांगतो. १८६९ मध्ये या मंडळींनी सभासदांचे तीन दर्जे ठरवले आणि लोक गळू लागले. १८७१ मध्ये ते मुकाट्याने रद्द करावे लागले. पलटणीतून सुटलेल्या माणसाला पुन्हा कुणाच्या खालची पायरी नको असते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. पुढे पेन्शनच्या मागणीने संघटना फोफावली आणि १८९० च्या सुमारास सभासद चार लाखांवर गेले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी पेन्शनच्या कायद्यावर सही केली, त्यामुळे किमान ९० दिवस सेवा केलेल्या आणि अंगमेहनत करण्यास असमर्थ झालेल्या सैनिकाला, ते अपंगत्व युद्धात आलेले नसले तरी, पेन्शन मिळू लागले. हॅरिसन स्वतः सभासद होते, हे ओघाने आलेच.

बखरवाचक: सुभेदारसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र बंधुभाव सर्वत्र सारखा नव्हता: काही शाखांत गोरे-काळे सैनिक एकत्र बसत, तर अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांची शाखा वेगळी असे.

आता दुसरा प्रश्न. आपल्याकडे गणेश मंडळाचे अध्यक्षपद नातवापर्यंत पोहोचते; येथे मुलालाही सभासदत्व मिळत नसे, मुलांची संघटना १८८१ पासून वेगळीच होती. त्यामुळे संघटनेचे आयुष्य सभासदांच्या वयाएवढेच ठरले. १९४९ च्या इंडियानापोलिस येथील अखेरच्या अधिवेशनास सहा वृद्ध आले. शेवटचे सभासद अल्बर्ट वूलसन २ ऑगस्ट १९५६ रोजी डुलुथ येथे वारले आणि संघटना बंद झाली.

कोथरूडकर_आजोबा: आभारी आहे. आमच्या फेरीच्या वाटेवरील एका ताऱ्याची नळी रिकामी होती. मे अखेर तेथे झेंडा लागतो का, हे पाहून फोटो पाठवायला मुलीला सांगितले आहे.