वांगासाठी चेहऱ्याचं मशीन स्कॅनिंग: त्यातल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा?

मेधा_नाशिक
नमस्कार मंडळी. वय ३८, दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलेत. गेल्या आठवड्यात एका स्किन क्लिनिकमध्ये गेले तर डॉक्टरांना भेटायच्या आधीच एका मोठ्या पांढऱ्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढले. मग स्क्रीनवर जे दाखवलं ते बघून पोटात गोळाच आला. आरशात दिसतात त्याच्या दुप्पट डाग, एका फोटोत तर अख्खा चेहरा काळ्या ठिपक्यांनी भरलेला, आणि शेजारी ब्राऊन स्पॉट्स, यूव्ही स्पॉट्स असं लिहून पुढे टक्के. तिथल्या काउन्सेलर म्हणाल्या की हे आतले डाग आहेत, पुढे सगळे वर येणार, आत्ताच लेझरचं पॅकेज घेऊन टाका. मी विचार करून सांगते म्हटलं आणि निघाले. आता मला कळत नाहीये की ते फोटो खरे आहेत का, टक्क्यांचा अर्थ काय, आणि वांग वरच्या थरात आहेत की खोल हे मशीन सांगू शकतं का? कोणी नीट समजावून सांगेल का प्लीज.

डर्म_रेसिडेंट
मेधाताई, आधी घाबरणं थांबवा. फोटो खरेच आहेत, पण त्यांचा लावलेला अर्थ चुकीचा आहे. मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, यूव्ही (अतिनील) प्रकाश भरपूर शोषून घेतं, त्यामुळे यूव्ही फोटोत जिथे थोडंसंही जास्त मेलॅनिन आहे ती जागा गडद दिसते, साध्या उजेडात डोळ्याला न जाणवणारा फरकसुद्धा ठळक होतो. आणि हे बहुतेक वरच्या थरातलं, म्हणजे एपिडर्मिसमधलं मेलॅनिन असतं, त्यामुळे 'आतले डाग' हा शब्दच बरोबर नाही. वर्षानुवर्षं ऊन लागलेल्या कुठल्याही चेहऱ्याचा यूव्ही फोटो असाच ठिपक्याठिपक्यांचा येतो, तो पुढे काय होणार याचा फोटो नाही. तो बघून सनस्क्रीन मन लावून लावायला लागलात तर उत्तम, पण तेवढ्यावरून लेझर ठरवायचं नसतं.

ब्राऊन स्पॉट्सचा फोटो वेगळा. तो क्रॉस पोलराइज्ड उजेडात काढतात म्हणजे त्वचेवरची चकाकी निघून जाते, मग सॉफ्टवेअर मेलॅनिनचा तपकिरी आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लाल असे दोन वेगळे नकाशे करून देतं. वांगात हे उपयोगी आहे कारण बऱ्याच जणींना डागांसोबत लालीही असते आणि आरशात ते एकमेकांत मिसळून जातं. टक्के म्हणाल तर व्हिजियासारख्या मशीनमध्ये ती साधारण तुमच्याच वयाच्या आणि त्वचेच्या प्रकाराच्या लोकांशी तुलना असते. आकडा जास्त म्हणजे त्यांच्यापेक्षा त्वचा चांगली. बऱ्याच जणी उलटं समजतात आणि घरी जाऊन रडतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. आणि मशीन डाग मोजतं, निदान करत नाही. वांग, तीळ, मुरमांचे जुने डाग, लेंटिगो (उन्हाने येणारे तपकिरी ठिपके), सगळंच त्याच्यासाठी तपकिरी.

खोल की वर यासाठी जुनं साधन म्हणजे वूड्स लॅम्प, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड, अंधाऱ्या खोलीत, चेहरा स्वच्छ धुवून (क्रीम किंवा पावडर राहिली तर तीच चमकते). वरच्या थरातला डाग त्यात अजून उठून दिसतो, खोलवरचा फारसा बदलत नाही. पण आपल्याकडच्या सावळ्या आणि गडद त्वचेवर हा फरक ओळखणं अवघड जातं, शिवाय बहुतेक वांग मिश्रच असतात. म्हणून मी स्वतः डर्मोस्कोपवर (त्वचेवर टेकवून बघायचं उजेडवालं भिंग) जास्त विसंबतो. तपकिरी जाळी दिसली आणि केसांच्या मुळांची भोकं मोकळी असली तर रंग बहुतेक वरचा, निळसर करडा दिसला तर खोलवरचा. दोन मिनिटांचं काम आहे, त्यासाठी मोठं मशीन लागत नाही.

लेझरबद्दल एवढंच की वांगावर तो पहिला उपाय नाही, भारतीय त्वचेवर उलटून डाग अजून गडद होऊ शकतात.

स्वाती_पुणे
मेधा, मी यातून गेलेय म्हणून लिहितेय. मशीनच्या फोटोपेक्षा मला महत्त्वाचा वाटला तो डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न, की आत्तापर्यंत काय काय लावलं. मी मेडिकलवाल्याने दिलेली एक गोरं करणारी क्रीम बरेच महिने लावत होते, सुरुवातीला चेहरा मस्त उजळला, मग बंद केली की आग आणि लाली. त्यात स्टेरॉइड निघालं. डर्मोस्कोपमध्ये गालांवर बारीक रक्तवाहिन्या दाखवल्या तेव्हा कळलं की जे मी वांग वाढले म्हणत होते त्यातलं बरंचसं क्रीमचं नुकसान होतं. तू काही लावत असशील तर ट्यूब घेऊनच जा.

कॅमेरावाला_सांगली
मी वैद्यकीय फोटोग्राफीचं काम करतो, फोटोपुरतं सांगतो. या मशीनची खरी ताकद म्हणजे डोकं दरवेळी त्याच जागी, उजेड तोच, अंतर तेच, म्हणून आधीच्या आणि नंतरच्या फोटोची तुलना करता येते. एकदाच काढलेला फोटो तिथेच संपतो. पहिला एका क्लिनिकमध्ये आणि दुसरा वेगळ्या मशीनवर काढून आकडे शेजारी ठेवले तर त्या तुलनेला काहीच अर्थ नाही.

घरी मोबाईलवर नोंद ठेवायची असेल तर सेल्फी कॅमेरा नको, तो जवळून चेहरा फुगवतो आणि ब्यूटी मोड गुपचूप डाग पुसतो. मागचा कॅमेरा, दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगा, थोडं लांबून झूम करून, ब्यूटी आणि एचडीआर बंद, फोकस आणि एक्स्पोजर लॉक. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर फोन दरवेळी त्वचेचा रंग बदलतो, म्हणून तो प्रो मोडमध्ये एका आकड्यावर ठेवा आणि शेजारी ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरतात ते करड्या रंगाचं कार्ड) धरा. अंगावर रंगीत ओढणी नको, तिचा रंग जबड्याखाली पडतो. चेहरा धुतल्यावर लाली उतरेपर्यंत थांबा.

मेधा_नाशिक
किती नीट समजावलंत सगळ्यांनी! आकडा जास्त म्हणजे चांगलं हे तर मला कोणीच सांगितलं नव्हतं. पण मग सुधारणा मोजायची कशी? नुसत्या फोटोवरून नवरा म्हणतो फरक आहे, सासूबाई म्हणतात काही नाही.

डर्म_रेसिडेंट
आम्ही सुधारित मासी स्कोअर काढतो, म्हणजे वांग किती पसरलेत आणि किती गडद आहेत याचे गुण. कपाळ, उजवा गाल, डावा गाल यांना प्रत्येकी ०.३ आणि हनुवटीला ०.१ वजन. प्रत्येक भागात डागाने किती जागा व्यापली त्याला ० ते ६ आणि गडदपणाला ० ते ४ असे गुण, गुणाकार करून चारही भागांची बेरीज, जास्तीत जास्त २४. समजा दोन्ही गालांवर ३० ते ४९ टक्के जागा म्हणजे ३, गडदपणा २, बाकी चेहरा स्वच्छ, तर एका गालाचे ०.३ × ३ × २ म्हणजे १.८, दोन्ही मिळून ३.६. दरवेळी एकाच डॉक्टरने काढलेला बरा, कारण गडदपणा शेवटी डोळ्यानेच ठरवतात. मशीनचा तपकिरी नकाशा सोबत असला तर व्यापलेली जागा ठरवायला मदत होते, तिथे ते पैसे वसूल आहेत.

आत्ता मात्र लेझर बाजूला ठेवा आणि आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड सनस्क्रीन सुरू करा, कारण वांग यूव्हीसोबत साध्या दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. बाळ अंगावर पीत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, औषधं त्यावरून बदलतात. आणि पुढच्या वेळी मशीनच्या आधी डॉक्टर भेटतील अशाच ठिकाणी जा.

मेधा_नाशिक
हो, अजून पाजतेय. बरं झालं सांगितलंत, तिथे हे कोणी विचारलंच नाही. सोमवारची दुसरीकडची अपॉइंटमेंट घेतलीय, लावत होते त्या दोन्ही ट्यूब पर्समध्ये टाकल्यात.