अंगणापुढं लॉन की कुळागर? गोव्यात कुठली बाग शोभते?

पोफळवेल, फोंडा
आमचं जुनं घर दुरुस्त होऊन उभं राहिलं आणि पुढच्या पाचशे चौरस मीटर जागेवरून घरात दोन तट पडले. धाकट्या दिरांना मधोमध लॉन हवं, दोन्ही बाजूंना कातरलेल्या मेंदीचं कुंपण, सरळ वाट आणि टोकाला कारंजं. ही फ्रेंच घडणीची बाग. राजाचा बागरचनाकार आंद्रे ल नोत्रने 17व्या शतकात व्हर्सायला हीच रीत शिखराला नेली: सगळं एका रेषेत, डावी बाजू उजवीसारखी, झाडाला कात्रीचा आकार. देखणी आहे, नाकारत नाही. पण तिचा गाभा असा की झाडाने माणसाचं ऐकायचं. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत कोणतं झाड ऐकतं?

त्यापेक्षा कुळागर बघा. वर माड, खाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, त्यांच्या सावलीत जायफळ आणि केळी, बांधाला अननस. एकाच जागेत चार मजले, प्रत्येकाला हवं तेवढं ऊन. आपल्या बागेची शैली हीच, असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा.

सडेकर, पर्वरी
ताई, कुळागर मलाही प्रिय आहे. माझं आजोळच सावईवेरेला. म्हणूनच विरोध करतो. कुळागर दरीच्या कुशीत, झरीच्या पाण्यावर वाढतं. पाट काढायचे, पाळ्या ठरवायच्या, नारळ-सुपारी पाडणारा पाडेली शोधायचा. ती घराची उपजीविका होती, बाग नव्हे. दारात पोफळी लावाल तर ओटीवर दुपारी दिवा लागेल आणि पावसाळ्यात भिंतींना बुरशी येईल.

आणि सरळ रेषा परकी कशी? गोव्यातल्या आपल्या घरापुढं तुळशीवृंदावन दाराच्या समोरच असतं. कितीतरी देवळांत गाभारा, सभामंडप, दीपस्तंभ एका ओळीत उभे असतात. श्रीनगरची शालिमार बाग जहांगीरने 1619 मध्ये घालायला घेतली, तीही मधल्या पाटाभोवती बेतलेली. चारबागेत पाण्याने जागेचे चार भाग पाडायचे ही कल्पना कोरड्या मुलखातून आली, कारण तिथे पाणी हेच वैभव. शिस्त म्हणजे फ्रेंच, असं समीकरण मांडू नका.

जांभ्यावरचं घर
लॉनबद्दल अनुभव सांगते. आमची जागा सड्यावर, वीतभर मातीखाली जांभा. बाग करून देणाऱ्याने ट्रकभर माती ओतून मेक्सिकन लॉन अंथरलं. दिवाळीपर्यंत डोळे निवले. मार्चपासून रोज दोन वेळा पाणी, एप्रिलमध्ये विहिरीने तळ दाखवला, मेमध्ये गवत पिवळं. ज्या इंग्लंडात लॉन मोठं झालं तिथे थंड हवा आणि बारमाही भुरभुर. 18व्या शतकात तिथल्या केपेबिलिटी ब्राउन या बागरचनाकाराने सरळ वाटा मोडून घराच्या पायरीपर्यंत कुरण आणलं. मेंढ्या ते चरायच्या, आणि मध्ये खोल चर असल्याने कुंपण दिसायचंच नाही. विचार सुंदर, पण तो त्या हवेचा विचार.

शेवंती, म्हापसा
मग जपानी कोरडी बाग का नको? क्योतोच्या र्‍योआन्जी देवळात पांढऱ्या खडीवर 15 दगड, बस्स. पाणी लागत नाही.

जांभ्यावरचं घर
शेवंतीताई, ती खडी रोज दाताळ्याने ओढायची असते. आपल्याकडे जुलैत तिच्यात रान माजेल आणि फणसाची पानं वेचता वेचता कंबर मोडेल. पण जपान्यांची दुसरी गोष्ट जरूर उचला: पलीकडचा देखावा बागेत उसना घेणं. घरामागे खाजन शेत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेलं सखल भातशेत, असेल तर गडगा कमरेएवढाच ठेवा. अख्खी शेतं तुमची होतात.

पोफळवेल
सडेकरदादा, वृंदावनाचं पटलं. दारापासून तिथवर वाट सरळच ठेवते. बुरशीची भीतीही खरी, पोफळी मागच्या न्हाणीच्या पाण्यावर लावू. पण लॉन नाही म्हणजे नाही. ब्राझीलच्या बुर्ले मार्क्सने आपल्यासारख्याच दमट मुलखात युरोपी ताटवे सोडले आणि तिथल्याच रानातली झाडं मोठमोठ्या पट्ट्यांनी लावली, एका जागी एकच रंग. तशी अबोली, हळद, पानवेल का लावू नये?

सडेकर
लावा ना. फक्त 'आपलंच झाड' हा हट्ट धरू नका. काजू आणि अननस पोर्तुगिजांबरोबर आले, तुमच्या बांधावरचा अननसही त्याच गलबतातला. आणि पट्टा म्हटला की कडा आली, कडा म्हटली की कात्री आली. बुर्ले मार्क्सचे रंग वेगळे दिसायचे ते कडा राखल्यामुळे. श्रावणात पंधरा दिवस हात लावला नाहीत तर हळद अबोलीला गिळेल, आणि वृंदावनाची वाटही सापडणार नाही.

पोफळवेल
कडेला जांभ्याचे चिरे आडवे बसवते, हातभर खोल. हळदीचे गड्डे त्यापलीकडे जाणार नाहीत. कात्री मात्र दिरांच्या हाती देणार नाही.