मदत हवी आहे: पॅसिव्हेशननंतर व्होल्टेज वाढते, पण फिल फॅक्टर घसरतो

नमस्कार. मी फॉर्मॅमिडिनियम लेड आयोडाइडच्या पेरोव्स्काइट (विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थाच्या) सौरघटांवर काम करतो. खाली इलेक्ट्रॉन वाहून नेणारे टिन ऑक्साइड आणि वर होल (धन प्रभारवाहक) वाहून नेणारे स्पायरो-ओमेटाड अशी रचना आहे. द्रावणात मिथाइलअमोनियम क्लोराइड मिसळल्यापासून स्फटिककण मोठे झाले, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण पृष्ठभागाच्या पॅसिव्हेशनची, म्हणजे तिथले दोष रासायनिक प्रक्रियेने निष्प्रभ करण्याची आहे. आयोडाइडच्या रिक्त जागा भरून काढण्यासाठी आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळवलेले फेनेथिलअमोनियम आयोडाइड (मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम) स्पिन करून (वेगाने फिरणाऱ्या फिल्मवर पसरवून) १०० अंशांवर ५ मिनिटे तापवले, तेव्हा ओपन-सर्किट व्होल्टेज (विद्युतप्रवाह वाहत नसतानाचे) १.०७ वरून १.१३ व्होल्टपर्यंत गेले, मात्र फिल फॅक्टर (घटाची प्रत्यक्ष कमाल शक्ती ही ओपन-सर्किट व्होल्टेज आणि शॉर्ट-सर्किट प्रवाह यांच्या गुणाकाराच्या किती टक्के आहे, ते) ७८ वरून ७३ टक्क्यांवर आला आणि सगळी कमाई तिथेच गेली.

तापवल्यामुळे द्विमितीय पेरोव्स्काइटचा थर बनतो आणि त्यातील लांब सेंद्रिय रेणू होलच्या वहनाला अडथळा करतात, असा माझा अंदाज आहे. न तापवलेल्या एकुलत्या एका नमुन्यात फिल फॅक्टर टिकला, पण एका नमुन्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. तेव्हा तापवणे पूर्ण टाळावे की आधी फेनेथिलअमोनियम आयोडाइडचे प्रमाण कमी करून पाहावे? शिवाय, दोष या थराचाच आहे की आयसोप्रोपेनॉलने पृष्ठभागावरील सेंद्रिय आयोडाइड धुऊन जाते (एका फिल्मचे कोपरे दोन दिवसांत पिवळे पडले, म्हणून ही शंका), हे वेगळे ओळखण्यासाठी केवळ द्रावक (आयसोप्रोपेनॉल) स्पिन केलेला नमुना पुरेसा ठरेल का? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.